होकार नेमका कोण देतं?

दरवर्षी ३ ऑगस्टला अवयवदान दिन येतो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं होतं. त्या दिवशी महाविद्यालयांतून फेऱ्या निघतात, सामूहिक शपथा होतात, दधीची ऋषींच्या चित्राचे फलक लागतात आणि संध्याकाळपर्यंत किती अर्ज भरून झाले याची बातमी तयार होते. या खटाटोपामागे एक समजूत आहे. अवयव द्यायचे की नाहीत हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ज्याचं मन मोठं तो देतो. गेल्या पन्नासएक वर्षांतलं मानसशास्त्रीय संशोधन आणि अतिदक्षता विभागांतला अनुभव शेजारीशेजारी ठेवून पाहिला, तर ही समजूत दोन्ही अंगांनी कच्ची ठरते. मरणोत्तर दानाचा निर्णय बहुतेक वेळा दात्याचा नसतोच. आणि मनाच्या मोठेपणाचा त्यातला वाटा आपण धरतो त्याहून पुष्कळ लहान असतो.

भारतात २०१३ साली पाच हजारांच्या आतबाहेर प्रत्यारोपणं झाली होती. २०२३ साली ती अठरा हजारांवर गेली. वाढ डोळ्यांत भरणारी आहे खरी, पण यातले बहुसंख्य अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले आहेत. मृत्यूनंतर ज्यांचे अवयव दिले गेले, अशांची संख्या २०२३ मध्ये पहिल्यांदा हजाराच्या पुढे गेली. एकशेचाळीस कोटींच्या देशात हे प्रमाण दहा लाखांमागे एकसुद्धा भरत नाही. स्पेनमध्ये ते पन्नासच्या आसपास आहे. म्हणजे आपल्यापुढे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘मी माझी किडनी देऊ का?’ हा एक, आणि ‘त्याचे अवयव देऊ का?’ हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणूस नीट विचार करून देतो, असं डॉक्टर आणि कायदा दोघंही धरून चालतात. १९७० च्या सुमारास कार्ल फेलनर आणि जॉन मार्शल या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी किडनी दिलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा वेगळंच दिसलं. बहुतेकांचा निर्णय बातमी कानावर पडली त्या क्षणीच झाला होता, काहींचा तर फोनवर बोलता बोलता. तपासण्या, धोक्यांची माहिती, संमतिपत्र हे सगळं मागाहून आलं आणि त्याने मत बदललं नाही. समजून-उमजून दिलेली संमती ही दंतकथाच आहे, असं त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच म्हणून टाकलं. किडनी देताना दात्याचा जीव जाण्याचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास असतो, यकृताचा भाग देताना तो याहून जास्त. हे आकडे दात्याला सांगायलाच हवेत. पण मुलाचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेली आई ते ऐकत असते असं मानायचं कारण नाही.

तिने मनात हिशेब केला नाही, तरी घर करतं. राष्ट्रीय पातळीवरची ‘नोटो’ ही संस्था नोंदी ठेवते. १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत अवयव मिळालेले पुरुष होते २९,६९५ आणि स्त्रिया होत्या ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायका बहुसंख्य, त्यातही आया आणि पत्नी. ‘कमावता माणूस उभा राहिला पाहिजे’ हे वाक्य तिला कुणी ऐकवावंही लागत नाही. भावाला सुट्टी मिळत नसते, धाकटीचं लग्न व्हायचं असतं, थोरलीच्या सासरचे काय म्हणतील हे विचारायला कोणी धजत नसतं. उरते ती बायको. तिच्या होकाराला आपण त्याग म्हणतो आणि पुढे जातो. तिला ‘नाही’ म्हणायला जागा होती का, हे तपासण्यासाठी कायद्यात प्राधिकार समिती आहे, एकटीशी बोलण्याची सोय आहे. बऱ्याच देशांतले डॉक्टर मन नसलेल्या दात्याला एक पळवाट देतात. ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच घरच्यांना सांगायचं, कारण सांगायचं नाही. खोटेपणा म्हणून काही नीतिज्ञांना हे खटकतं. मला तो या व्यवहारातला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो.

पैशाच्या बाजूबद्दल एकच नोंद पुरेशी आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ टक्के लोकांनी ती कर्ज फेडायला विकली होती, आणि दुसऱ्या कोणाला असं करायचा सल्ला देणार नाही असं ७९ टक्क्यांनी सांगितलं.

आता दुसरा प्रश्न. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांमध्ये अवयवदान चांगलं आहे असं मोठी बहुसंख्या सांगते, आणि त्यातले निम्मेअधिक लोक नाव नोंदवत नाहीत. बरीच वर्षं यावर उपाय एकच होता, माहिती द्या, गैरसमज दूर करा. पण अडथळा माहितीच्या अभावाचा नव्हता. संशोधकांना त्याखाली दोन जुन्या भावना सापडल्या. एक किळस, म्हणजे शरीर उघडलं जाणार या कल्पनेनेच अंगावर येणारा काटा. दुसरी अभद्राची भीती. अर्ज भरला की मरण ओढवून घेतल्यासारखं होईल! मृत्युपत्राचा विषय काढला की ‘शुभ बोल’ म्हणून गप्प करणाऱ्या घरांना ही भीती समजावून सांगायची गरज नाही. मेंदूमृत्यूबद्दलची दहा वाक्यं पाठ असलेल्या माणसाच्या मनातही ती सुखाने नांदते, कारण तिचा माहितीशी संबंधच नसतो.

मग या भावनांना वळसा घालण्याचे प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये २०१३ साली वाहनविषयक सरकारी संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक लोकांना आठ प्रकारचे संदेश दाखवले गेले. हसऱ्या माणसांच्या घोळक्याचा फोटो लावलेला संदेश साध्या विनंतीपेक्षाही वाईट ठरला. सर्वांत जास्त नोंदणी झाली ती एका रोखठोक प्रश्नाने. तुम्हाला गरज पडली तर तुम्ही अवयव घ्याल ना? मग द्या. परोपकारापेक्षा परतफेडीची भाषा लोकांना लवकर कळली. दुसरा एक प्रयोग मात्र उलटला. ‘नोंदणी केली नाही तर नंतर पश्चात्ताप होईल का?’ असं विचारल्याने इरादा बळावतो असं लहान अभ्यासांत दिसलं होतं. स्कॉटलंडमध्ये मोठ्या संख्येवर ते करून पाहिलं, तर प्रश्नावली न मिळालेल्या लोकांनीच जास्त नोंदणी केली. मानसशास्त्रातल्या चटपटीत निष्कर्षांवर धोरणं बांधायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सर्वाधिक गाजला तो एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांचा २००३ चा निबंध. जर्मनीत दानाला संमती असलेले १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. भाषा एक, संस्कृती जवळजवळ एक. फरक फक्त अर्जाचा. जर्मनीत होकार कळवावा लागे, ऑस्ट्रियात नकार. काहीच न करणारा माणूस एकीकडे अदाता आणि दुसरीकडे दाता! हा तक्ता जगभर फिरला, आणि अनेक देशांना वाटलं की कायद्यातलं एक वाक्य उलटं केलं की काम झालं. ब्राझीलने १९९७ मध्ये तसं केलं; लोक इतके बिथरले की वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. वेल्सने २०१५ मध्ये आणि इंग्लंडने २०२० मध्ये संमती गृहीत धरायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये त्यानंतर प्रत्यक्ष होकार देणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण वाढलं नाही, उलट सुमारे दोन तृतीयांशावरून साठ टक्क्यांच्या जवळ घसरलं. मधे कोविड आला, रुग्णालयात भेटी बंद झाल्या, हे खरं. तरी चित्र पुरेसं बोलकं आहे. मृताने स्वतः नाव नोंदवलेलं असेल तर तिथली दहातली नऊ कुटुंबं होकार देतात. नुसतं मौन असेल तर ती चाचरतात. ऑस्ट्रियातले ९९.९८ टक्के हे मुळात मौनाचे टक्के होते, आणि मौनातून इच्छा वाचायला नातेवाईक कचरतात.

स्पेनचं उदाहरण या बाबतीत सरसकट चुकीचं दिलं जातं. तिथे संमती गृहीत धरणारा कायदा १९७९ पासून आहे. दहा वर्षांनी, १९८९ साली, तिथलं दात्यांचं प्रमाण दहा लाखांमागे फक्त चौदा होतं. त्या वर्षी डॉ. राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली. तिने प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमला, तोही बहुतेक ठिकाणी अतिदक्षता विभागातला डॉक्टरच. कायदा काहीही म्हणो, कुटुंबाला विचारल्याशिवाय तिथे अवयव काढत नाहीत. फरक पडला तो विचारणाऱ्या माणसाने आणि विचारण्याच्या पद्धतीने. गृहीत संमतीचा मुद्दा लक्ष भलतीकडे नेतो, असं खुद्द मातेसान्स यांनी २०१० मध्ये एका लेखात सहलेखकांसह मांडलं. आपल्याकडे संमती गृहीत धरण्याची मागणी करणाऱ्यांनी तो लेख वाचायला हरकत नाही.

आपल्याकडचा निर्णय होतो तो आयसीयूबाहेरच्या बाकांवर. बहुधा अपघात असतो किंवा मेंदूतला रक्तस्राव. माणूस पंचवीस-चाळिशीचा, सकाळी घरून धडधाकट निघालेला. डॉक्टर सांगतात की तो ब्रेनडेड आहे. नातेवाईक आत जाऊन पाहतात तर छाती वरखाली होते आहे, हात गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत. कधी मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेने बोटं हलतात. मृत्यूच्या ज्या खुणा माणूस जन्मभर ओळखत आला, त्यातली एकही तिथे नसते. हार्वर्डच्या समितीने मेंदूवरून मृत्यू ठरवायचे निकष मांडले १९६८ मध्ये; आपल्याकडे कायदा झाला १९९४ मध्ये, आणि महाराष्ट्र व गोवा तो लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत होते. डोळ्यांना मात्र अजून तो पटलेला नाही, आणि यात अडाणीपणा काही नाही.

त्यात कायद्याने एक विचित्र गाठ मारून ठेवली आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करतं आणि माणूस मृत म्हणून जाहीर होतो. पण कुटुंबाने दानाला नकार दिला तर? मग बहुतेक ठिकाणी व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात आणि हृदय थांबेपर्यंत वाट पाहिली जाते. केरळ सरकारने २०२० मध्ये मेंदूमृत्यू दानाशी न जोडता ठरवण्याबाबत आदेश काढला. इतरत्र धूसरता आहे. याचा कुटुंबाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहा. आपण ‘हो’ म्हटलं तर तो मेला, ‘नाही’ म्हटलं तर अजून आहे. डॉक्टर अवयव मागताहेत, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्याकडून मरणावर सही मागताहेत. अशा वेळी नकार देणारा बाप स्वार्थी किंवा अंधश्रद्ध ठरवणं हा आपला उद्धटपणा आहे. तो मुलाला मारायला नकार देत असतो.

म्हणून मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती यांत अंतर ठेवणं हा या क्षेत्रातला जुना आणि भरवशाचा धडा आहे. अमेरिकेतल्या केंटकीमध्ये १९९१ सालच्या अभ्यासात दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या तेव्हा १८ टक्के कुटुंबं तयार झाली; आधी मृत्यू समजू दिला आणि मग विचारलं तेव्हा ५७ टक्के. आणखी एका अमेरिकी चाचणीत मेंदूमृत्यूच्या तपासणीवेळी नातेवाइकांना आत उभं राहू दिलं, तर मेंदूमृत्यू म्हणजे काय हे त्यांना चांगलं समजलं आणि त्यांच्या मनाला इजा झाली नाही. व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला केला आणि श्वास आला नाही, हे एकदा पाहिलं की दहा पानांचं समजावणं वाचतं. आपल्याकडे ही पद्धत सर्रास व्हायला अडचण पैशांची नाही.

बाकांवर ऐकू येणारी वाक्यं ठरावीक आहेत. ‘खूप भोगलंय त्याने, आता आणखी हाल नकोत.’ ‘पुढच्या जन्मी डोळ्यांशिवाय जन्माला येईल.’ ‘गावाहून काका येताहेत, ते आल्यावर बघू.’ पुनर्जन्माच्या वाक्यावर व्याख्याते तुटून पडतात. माझ्या मते निर्णायक असतं ते तिसरं. बायकोचा होकार असतो, मुलीचा असतो, पण रात्री एसटीने येणारे काका काहीच पाहिलेले, ऐकलेले नसतात, आणि जबाबदार माणूस म्हणून सर्वांत सुरक्षित उत्तर देतात. नकाराचा दोष कुणी देत नाही. होकाराचा पुढे आयुष्यभर कुणी देऊ शकतं. हाल नकोत म्हणणाऱ्या घराला अपघाती मृत्यूत शवविच्छेदन होणारच आहे, हेही बहुधा माहीत नसतं. आणि हे सांगण्याची पद्धत असते. तोंडावर फेकल्यासारखं सांगितलं तर ते क्रौर्य होतं.

अविश्वासाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तो निराधार नाही. २०१६ मध्ये मुंबईत एका खासगी रुग्णालयात बनावट पत्नी उभी करून किडनी देण्याचं प्रकरण उघडकीला आलं. देशात अशी प्रकरणं आधीही झाली, नंतरही. आपल्याकडचा संशय दोन उलट दिशांनी चालतो. ‘बिल वाढवायला मेलेल्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात’ ही एक समजूत. ‘गब्बर इज बॅक’मधला तो प्रसंग लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवून पाठवून पाठ केला. दुसरी समजूत बरोबर उलटी, अवयव काढायला जिवंताला मेला म्हणतात. एकच माणूस एकाच संध्याकाळी दोन्ही बोलतो. तर्काने पाहिलं तर दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, पण दोन्हींचं मूळ बिलाच्या काउंटरपाशी आहे. संशय हा खर्चिक खासगी उपचारांचा हिशेब असतो, तो प्रत्यारोपणाच्या खात्यावर येऊन पडतो. होकारानंतर दात्याचे अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च त्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असं २०१४ चे नियम सांगतात. कितीशा नातेवाइकांना हे माहीत असतं? विचारायची चोरी, कारण पैशाचं नाव काढलं की सौदा केल्यासारखं वाटतं. आणि हे आपल्यापुरतं नाही. १९८० मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने दाते खरोखर मेलेले असतात का, असा प्रश्न करणारा कार्यक्रम दाखवला आणि ब्रिटनमधलं दान वर्षाहून अधिक काळ रोडावलं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच हृदयप्रत्यारोपणाचा प्रयत्न केला होता, ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्यानंतर काही आठवड्यांत. त्या वर्षानंतर या शहरात हृदय बसवलं गेलं ते २०१५ साली, पुण्याहून आणून. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत अडलं ते सगळं शस्त्रक्रियेच्या कौशल्यापाशी अडलं नव्हतं.

आता दधीची. प्रत्येक फलकावर ते असतात, आणि मला वाटतं तिथून त्यांना निवृत्त करावं. शाय डेव्हिडाय, टॉम गिलोविच आणि ली रॉस यांनी २०१२ मध्ये एक नेमका प्रश्न विचारला. लोकांच्या लेखी अवयवदान हे कोणत्या कृतीच्या जवळचं आहे? जिथे होकार कळवावा लागतो तिथल्या लोकांना ते मरताना अर्धी संपत्ती दान करण्याएवढं मोठं वाटलं. जिथे नकार कळवावा लागतो तिथे ते रांगेत कुणाला पुढे जाऊ देणं आणि गरिबांसाठी थोडा वेळ देणं, यांच्या मधलं काहीतरी ठरलं. आपण दधीचींचं चित्र लावून दान पहिल्या रकान्यात ढकलतो. अस्थी देण्यासाठी प्राण सोडणाऱ्या ऋषीशी कोण बरोबरी करणार? माणूस नमस्कार करतो आणि पुढे जातो. शिवाय दधीचींनी स्वतः जिवंत असताना ठरवलं होतं. बाकांवरच्या बापाला त्या कथेत स्वतःसाठी जागा सापडत नाही.

पुराणकथा निरुपयोगी असतात असं नाही. शिबी राजाने कबुतरासाठी मांस कापून दिलं ही आपली कथा. जातकात तोच राजा डोळे काढून देतो. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था काढली तेव्हा बौद्ध समाजात ही कथा मुरलेली होती. त्या चिमुकल्या देशाने पुढे जगभर हजारो नेत्रपटल पाठवले. पण तिथे नेत्रदान पुण्यकर्माच्या रोजच्या व्यवहारात बसलं. भिक्षूला दान द्यावं, तसंच मरणाऱ्याने डोळे द्यावेत.

तमिळनाडूने हेच निराळ्या रीतीने साधलं. २००८ मध्ये चेन्नईजवळ अपघातात गेलेल्या एका किशोरवयीन मुलाचे अवयव त्याच्या डॉक्टर आईवडिलांनी दिले, आणि त्याची बातमी घराघरांत पोचली. पण बातम्या विरतात. तिथल्या सरकारने त्याच वर्षी मेंदूमृत्यू जाहीर करण्याची आणि अवयववाटपाची पद्धत आदेशांनी बांधून टाकली, म्हणून काम टिकलं. २०२३ पासून तिथे दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. कुटुंबाला याचा आधार मिळतो. चारचौघांत कोणी ‘कापायला दिलात’ म्हणणार असेल तर त्याच्यासमोर सरकारी मानवंदना असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला समन्वय केंद्रं आहेत, केईएममध्ये विभागीय कार्यालय आहे. नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक मात्र तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर, रात्री-अपरात्री एकटे बोलत असतात. फलकांचा खर्च कमी करून तो त्यांच्या पगारात आणि प्रशिक्षणात घातला तर जास्त अवयव मिळतील, असं मी पैज लावून सांगेन.

पुरोगामी घरांतला एक घोळही सांगून ठेवतो. ज्येष्ठांनी देहदानाचा अर्ज भरला की अवयवदान झालंच असं समजलं जातं. घरी आलेल्या मृत्यूनंतर देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो आणि सहा तासांच्या आत डोळे. मूत्रपिंडं, यकृत, हृदय सहसा मिळतात ती आयसीयूतल्या मेंदूमृत्यूतच.

तेव्हा वाचकहो, नमुना ७ चा अर्ज भरायचा असेल तर जरूर भरा, ऑनलाइन आधारवरून दहा मिनिटांत होतो. पण तुमच्या माघारी नमुना ८ वर सही दुसरंच कोणी करणार आहे, आणि त्या माणसाला तुमचा अर्ज कधीच दिसलेला नसेल. तुमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा चालतो हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा त्या काकांना, त्या थोरल्या भावाला, त्या आत्याला सर्वांदेखत सांगा: माझे द्या.